आडवाटेने आलेलं रक्त

दारूवर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आलं आणि तेव्हापासून पिणाऱ्या माणसाचं चित्र आपल्या मनात जवळजवळ ठरून गेलं: मोडलेला संसार, सोसणारी बायको, दर वेळी घेतलेली आणि दर वेळी मोडलेली शपथ. चित्र खोटं नाही. पण त्यात पिणाऱ्याचं शरीर फारसं कुठे दिसत नाही. वीस वर्षं रोज संध्याकाळी ‘बसणाऱ्या’ माणसाच्या यकृताचं नेमकं काय होतं? आणि एके रात्री, नीट जेवण झालेलं असताना, पोटात जराही दुखत नसताना, तो मोरीत जाऊन तांब्याभर रक्त का ओकतो? पाठ्यपुस्तकांत याची उत्तरं आहेत, पण ती इंग्रजीत. शेजारीपाजारी ‘लिव्हर आतून फुटलं’ म्हणून मोकळे होतात. लिव्हर फुटत नाही. हे एवढं एक वाक्य नीट उलगडून दाखवण्यासाठी प्रस्तुत पुस्तक लिहिलं गेलं आहे असं म्हटलं तरी चालेल.

आधी रक्ताची नेहमीची वाट. जठर, आतडी, प्लीहा आणि स्वादुपिंड यांच्याकडून परत निघालेलं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल व्हेन नावाच्या जाड शिरेत जमतं, यकृतात शिरतं आणि तिथून वर जातं. यकृतातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं; त्यातला पाऊण हिस्सा या एका शिरेतून आलेला असतो. प्रवाह एवढा मोठा, पण दाब अगदी किरकोळ. दंडाला पट्टा बांधून मोजतो तो वरचा रक्तदाब १२० असतो, तर पोर्टल शीर आणि यकृतापलीकडची शीर यांच्या दाबातला फरक निरोगी माणसात पाराच्या पाच मिलिमीटरांच्या आत असतो. मऊ यकृत रक्ताला अडवतच नाही.

दारू हा मऊपणा घालवते. रोज भरपूर पिणाऱ्या जवळपास सगळ्यांच्या यकृतात चरबी साठते. इथे थांबलं तर काही आठवड्यांत ती उतरते. न थांबणाऱ्यांपैकी काहींना सूज येते, सुजेच्या जागी चिवट तंतू तयार होतात, आणि शंभरातल्या दहा ते वीस जणांचं यकृत गाठीगाठींचं, आक्रसलेलं, टणक होतं. हाच सिरोसिस. याला होतो आणि त्याला का नाही, याचं उत्तर काही अंशी आनुवंशिकतेत आहे, काही अंशी लठ्ठपणा, मधुमेह, बी किंवा सी कावीळ यांत. बाईचं यकृत पुरुषापेक्षा कमी दारूत बिघडतं. ‘आमचे आजोबा ऐंशीव्या वर्षापर्यंत प्यायले, काही झालं नाही’ हा दाखला प्रत्येक गावात मिळतो. तो आजोबांपुरता खरा असतो.

कालव्याचं दार गाळाने बुजत आलं की मागे पाणी तुंबतं आणि बांधाच्या कडेने, जिथे फट सापडेल तिथून वाट काढतं. यकृत टणक झाल्यावर पोर्टल शिरेतलं रक्तही आडवाटा शोधतं. एक वाट बेंबीभोवती जाते, एक गुदद्वाराकडे, आणि सर्वांत घातक वाट जठराच्या वरच्या टोकातून अन्ननलिकेच्या खालच्या भागात. तिथल्या शिरा मुळात केसासारख्या बारीक आणि अस्तराच्या अगदी लगत. त्या फुगतात, वेड्यावाकड्या होतात. त्यांना व्हेरिसिस म्हणतात. दाबातला फरक दहावर गेला की त्या तयार होऊ लागतात आणि बारापर्यंत पोचला की फुटण्याचा धोका सुरू होतो. सिरोसिसचं निदान होतं तेव्हाच निम्म्या रुग्णांच्या अन्ननलिकेत त्या असतात. आणि त्या दुखत नाहीत. घास अडकत नाही, जळजळ होत नाही. माणूस कामावर जात असतो, लग्नाला जात असतो.

मग कळायचं कसं? कळण्याचा एक मार्ग आपण रोज हातात धरतो आणि वाचत नाही. दाब वाढला की प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. साध्या सीबीसीच्या कागदावर प्लेटलेट दीड लाखांच्या खाली दिसतात. आपल्याकडे प्लेटलेट कमी म्हटलं की डेंग्यू आठवतो आणि पपईच्या पानांचा रस सुरू होतो. ताप नसलेल्या, रोज पिणाऱ्या माणसाच्या प्लेटलेट महिनोनमहिने एक लाखाच्या आसपास राहत असतील तर डासापेक्षा यकृताचा संशय आधी घ्यायला हवा. सोनोग्राफी, यकृताचा टणकपणा मोजणारी फायब्रोस्कॅन आणि गरज पडल्यास तोंडावाटे आत घालायची दुर्बीण, एवढ्यावर निदान होतं. टणकपणा २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर धोक्याच्या व्हेरिसिसची शक्यता इतकी कमी असते की दुर्बीण सहसा टाळता येते. इटलीतल्या बावेनो गावी १९९० पासून या विषयाचे तज्ज्ञ ठरावीक वर्षांनी जमतात. हा नियम त्यांच्याच बैठकीतून आलेला आहे.

‘किती पितो’ या प्रश्नाच्या उत्तराविषयी इथेच सांगून टाकतो, कारण ते उत्तर कधीच सरळ येत नाही. ‘एक क्वार्टर’, ‘फक्त बिअर’, ‘इंग्लिश घेतो, देशी नाही’. हिशेब ग्रॅममध्ये करावा. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असेल तर, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या मोठ्या बाटलीत साधारण ४० ग्रॅम. म्हणजे ‘फक्त दोन बिअर’ हे क्वार्टरपेक्षा जास्त झालं. हा हिशेब मी ओपीडीत कागदावर करून दाखवतो तेव्हा समोरचा माणूस पहिल्यांदा गप्प होतो आणि मग म्हणतो, ‘पण बिअर थंड असते ना.’

पिणाऱ्याला झालेली प्रत्येक रक्ताची उलटी व्हेरिसिसचीच असते असं मात्र नाही. सिरोसिस असतानाही साधारण एकतृतीयांश वेळा कारण दुसरं निघतं: अल्सर, जठराचं सुजलेलं अस्तर, किंवा सतत ओकाऱ्या काढून अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर गेलेली चीर. या चिरेचं वर्णन बोस्टनच्या मॅलरी आणि वाइस या डॉक्टरांनी १९२९ साली केलं आणि त्यांचे पंधराही रुग्ण अतोनात पिणारे होते. ती बहुतेकदा आपोआप भरते. अल्सरच्या बाबतीत आपल्याकडचा मोठा गुन्हेगार म्हणजे अंगदुखीची गोळी. रात्री दारू, सकाळी डोकं आणि कंबर धरते म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन. सिरोसिस असलेल्याने या गोळ्यांना हात लावू नये. त्या जठराला जखम करतात आणि मूत्रपिंडही बिघडवतात. पॅरासिटॅमॉल, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत आणि डॉक्टरांना विचारून, त्या मानाने सुरक्षित आहे. लोकांचा समज बरोबर उलटा असतो.

आता ती रात्र. लाल रक्ताची उलटी झाली तर घरातलं कुणी झोपून राहत नाही. पण उलटी कॉफीच्या चोथ्यासारखी असली, किंवा उलटीच नसून शौच डांबरासारखी काळी, चिकट, वेगळ्याच वासाची झाली, तर ‘उष्णता झाली’ म्हणून दोन दिवस जातात. दोन्ही म्हणजे आतला रक्तस्रावच. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते हे खरं, पण तिला तो चिकटपणा आणि तो वास नसतो. तोंडाने काही देऊ नये. थंड दूधही नाही, लिंबूपाणीही नाही, मिठाचं पाणी तर नाहीच. माणसाला कुशीवर झोपवावं, म्हणजे रक्त श्वासनलिकेत जाणार नाही. १०८ ला फोन करावा आणि शक्य असेल तर जिथे दुर्बीण आणि रक्तपेढी दोन्ही आहेत अशाच ठिकाणी न्यावं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात उलटी थांबवायचं इंजेक्शन घेऊन घरी परतलेले आणि पहाटे पुन्हा ओकलेले रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत. आणि तो पितो हे दारातच सांगावं. ‘साहेब, कधीतरी पार्टीत घेतो’ या वाक्याने पहिले मोलाचे तास वाया जातात.

रुग्णालयात पहिल्या काही तासांत जे घडतं त्यातलं बरंच काही नातेवाइकांना उफराटं वाटतं आणि तिथूनच भांडणं सुरू होतात. त्यामुळे इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पहिलं भांडण रक्ताच्या पिशव्यांवरून. एवढं रक्त गेलं, मग डॉक्टर एकच पिशवी का लावतात? २०१३ साली बार्सिलोनाच्या व्हियानुएवा आणि सहकाऱ्यांनी पोटात रक्तस्राव झालेल्या ९२१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावरच रक्त दिलं, उरलेल्यांना नऊच्या खाली जाताच. सहा आठवड्यांनी पहिल्या गटातले ९५ टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ९१. हात राखून रक्त दिलेल्यांत जास्त लोक जगले. व्हेरिसिसच्या रुग्णात यामागचं कारण सरळ आहे: शिरा भरभरून भरल्या की पोर्टल शिरेतला दाब पुन्हा चढतो आणि नुकती कुठे बंद झालेली जागा परत उघडते. प्लाझ्माचंही तेच. रिपोर्टमध्ये आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, वाढलेला दिसतो, म्हणून ‘रक्त पातळ झालंय, प्लाझ्मा द्या’ असा धोशा लावला जातो. पण यकृत रक्त गोठवणारे घटक बनवतं तसेच गोठणं रोखणारेही बनवतं, आणि सिरोसिसमध्ये दोन्ही कमी होतात. तो एक आकडा त्यातली एकच बाजू दाखवतो. प्लाझ्माच्या बाटल्यांनी भर पडते ती दाबात.

दुसरी गोष्ट अँटिबायोटिकची. ताप नाही, खोकला नाही, तरी सेफ्ट्रायाक्झोन कशासाठी? कारण अशा रुग्णांपैकी पाचातला एक दाखल होतानाच कुठला ना कुठला संसर्ग घेऊन आलेला असतो आणि पुढच्या दिवसांत आणखी कित्येकांना तो होतो. आतड्यातले जंतू सैल झालेल्या भिंतीतून रक्तात उतरतात, जंतुसंसर्गाने दाब वाढतो, पुन्हा रक्तस्राव होतो. दिवसाला एक ग्रॅमचं हे इंजेक्शन मृत्यू कमी करतं हे सिद्ध झालेलं आहे. जोडीला दुर्बिणीची वाट न बघता टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड सुरू करतात, कारण त्याने पोर्टल शिरेकडे येणारा रक्ताचा ओघच कमी होतो. शक्यतो बारा तासांच्या आत दुर्बीण.

दुर्बिणीतून फुगलेली शीर ओढून तिच्या मुळाशी रबराची बारीक रिंग बसवतात. मूळव्याधीवर ही युक्ती आधीपासून चालत होती. डेन्व्हरचे शल्यविशारद ग्रेग स्टीगमन यांनी १९८०च्या दशकात ती अन्ननलिकेत नेली. त्याआधी शिरेत औषध टोचून ती सुकवत. स्वीडनमध्ये क्राफोर्ड आणि फ्रेंकनर यांनी तो प्रयोग १९३९ साली केला होता. शीर जठराच्या वरच्या घुमटात असेल तर रिंग नीट बसत नाही, तिथे दुर्बिणीतूनच सायनोअॅक्रिलेट हा गोंद सोडतात. जठरातल्या या शिरांची जगभर वापरली जाणारी वर्गवारी दिल्लीच्या डॉ. शिव सरीन यांची आहे. कशानेच रक्त थांबलं नाही तर १९५० सालापासून चालत आलेली फुग्याची नळी काही तासांपुरती दाब देऊन ठेवता येते आणि मग टिप्स, म्हणजे गळ्यातल्या शिरेतून यकृतात जाऊन पोर्टल शिरेला सरळ वाट काढून देणारी जाळीदार नळी. ही सोय अजून मोठ्या शहरांतच आहे.

या सगळ्याने किती फरक पडला? एका फ्रेंच रुग्णालयातल्या नोंदी तपासल्या तेव्हा १९८० साली अशा रक्तस्रावाने आलेल्या शंभरातले सुमारे ४३ रुग्णालयातच दगावत होते; २००० साली हा आकडा साडेचौदावर आला होता. यकृताच्या आजारांत इतकी मोठी सुधारणा क्वचितच झाली असेल. ‘दारुडा आहे, आता काय वाचतो’ हे वाक्य अजून वॉर्डातही ऐकू येतं, आणि ते म्हणणारा १९८० सालात राहतो आहे. उरलेले मृत्यू आता बहुतेकदा रक्तस्रावाने होत नाहीत. यकृत पुरतं बंद पडणं, जंतुसंसर्ग आणि मूत्रपिंड निकामी होणं यांनी होतात. म्हणून ‘रक्त थांबलं, घरी न्या’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना थांबवावं लागतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणखी एक घोळ होतो. रुग्ण बडबडायला लागतो, सलाइन उपटतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो. ‘डोक्यात गेलं,’ असं बायको रडत सांगते. याची दोन कारणं असू शकतात आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध जातात. एक म्हणजे अचानक दारू बंद झाल्याने होणारा उन्माद: हात थरथरतात, घाम सुटतो, नाडी धावते. त्याला शांत करणारी औषधं लागतात. दुसरं म्हणजे पोटात साठलेलं रक्त आतड्यात पचून तयार झालेला अमोनिया मेंदूवर चढणं: माणूस झोपाळू, संथ, भलत्याच दिशेने बोलणारा होतो. त्याला लॅक्टुलोज देऊन पोट साफ करावं लागतं आणि झोपेची औषधं त्याला कोमात ढकलू शकतात. कधी दोन्ही एकाच माणसात असतात. शेवटचा पेग कधी घेतला होता, ही माहिती इथे कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त उपयोगी पडते आणि ती फक्त घरच्यांकडे असते. ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, दिलं का हेही विचारायला लाजू नये.

मग डिस्चार्ज कार्ड. त्यावर शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं: दारू पूर्ण बंद. कशी, ते लिहिलेलं नसतं. मला ही आपल्या वैद्यकाची सर्वांत लाजिरवाणी ओळ वाटते. दहा दिवस माणूस आपल्या ताब्यात होता, घाबरलेला होता, दारूवाचून होता. व्यसनमुक्तीची सुरुवात करायला इतकी चांगली वेळ त्याच्या आयुष्यात पुन्हा येईल न येईल, आणि आपण त्याला रिक्षात बसवून देतो. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं. व्यसन हा आजार आहे आणि उपचार कुटुंबासकट करावा लागतो हा विचार तेव्हापासून महाराष्ट्रात रुजला आहे, पण पोटविकाराच्या वॉर्डाच्या दारापर्यंत तो अजून नीट आलेला नाही. औषधांपैकी बॅक्लोफेन सिरोसिस असतानाही वापरून पाहिलेलं आहे. डायसल्फिराम मात्र खराब यकृतात टाळायचं. ‘त्यांच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर असतात. त्या पुडीत काय आहे ते कुणी सांगत नाही. भाजीत कालवून देऊ नका. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांतली दारूबंदी, आणि चंद्रपुरात २०१५ साली येऊन २०२१ साली उठलेली बंदी, हा वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे.

उपचार न केल्यास वर्ष-दोन वर्षांत शंभरातल्या साठ जणांना पुन्हा रक्तस्राव होतो. तो टाळायला दोन गोष्टी लागतात. दर दोन ते चार आठवड्यांनी रिंगा बसवत शिरा पूर्ण नाहीशा होईपर्यंत येत राहणं, आणि रोजची गोळी. पॅरिसच्या दिदिए लब्रेक यांनी १९८० साली दाखवून दिलं की हृदयाची गती कमी करणारं प्रोप्रानोलॉल पोर्टल शिरेतला दाबही उतरवतं. आज त्याच्या जोडीला कार्वेडिलॉल आहे. गोळ्या महाग नाहीत. तरी पहिल्यांदा रिंगा बसवल्यानंतर परत न येणाऱ्यांची संख्या मोठी आहे, कारण ‘आता बरं वाटतंय’. आहाराविषयी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, पण एक गोष्ट आताच सांगतो: डाळ, अंडी, दूध बंद करून उसाच्या रसावर माणसाला ठेवणं हा जुना, चुकीचा सल्ला आहे. सिरोसिसमध्ये स्नायू झडतात. प्रथिनं हवीत, मीठ कमी हवं, आणि रात्री झोपण्याआधी काहीतरी खाल्लेलं हवं.

दारू खरोखर सुटली तर काय होतं, हा भाग वाचकांना सर्वांत अविश्वसनीय वाटेल. पोर्टल शिरेतला दाब उतरू शकतो. शिरा लहान होऊ शकतात. सिरोसिसमुळे पोटात साठलेलं पाणी जाऊन औषधं बंद झालेले रुग्ण आहेत. अशा सावरलेल्या अवस्थेची व्याख्याच २०२१च्या बावेनो बैठकीने करून ठेवली आहे. सगळ्यांचं असं होत नाही. ज्यांचं होत नाही त्यांच्यासाठी प्रत्यारोपण आहे आणि आपल्या देशात ते बहुतेक वेळा मुलाच्या, मुलीच्या किंवा बायकोच्या यकृताचा तुकडा घेऊनच होतं. ज्या माणसावर घर वीस वर्षं चिडलेलं असतं त्यालाच हे द्यायचं असतं. याविषयी पुस्तकाने उपदेश केलेला नाही, हे मला आवडलं.

पुस्तक क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही. घरात रुग्ण असेल तर पहिल्या रात्रीचं प्रकरण आधी वाचा, तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी रक्त आणि प्लाझ्माचं. आणि तुमच्याकडे रोज पिणारं कुणी असेल, त्याच्या जुन्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असतील, तर आधी त्याची सोनोग्राफी आणि यकृताची तपासणी करून घ्या. पुस्तक त्यानंतर वाचलं तरी चालेल.